वाइन पर्यटनाच्या ताटात ‘स्थानिक’ कोण?

वाइनच्या धंद्यात आज सगळे काही मोजले जाते. एकरी किती वेली, वेलीला किती पाणी, रसात साखर किती, रिकाम्या बाटलीचे वजन किती, छपरावरच्या सौर पॅनेलमधून वीज किती. या मोजमापाला ‘शाश्वतता’ असे नाव आहे आणि ती पाहायला, चाखायला पुण्या-मुंबईचे लोक शनिवार-रविवारी नाशिकला जातात. पण त्या वेलींची छाटणी करणारे हात किती, त्यांना दिवसाचे किती पडतात, ते रात्री कुठे निजतात, काय खातात, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. आमचे म्हणणे असे की हा रकाना रिकामा असेल तर तो तक्ता शाश्वततेचा नाही, जाहिरातीचा आहे.

हे लिहायला निमित्त झाले शनिवार पेठेतल्या एका व्याख्यानाचे. विषय होता वाइन पर्यटन, स्थानिक अन्न आणि शाश्वत विकास. आमच्या अभ्यासवर्गातले आम्ही सहा जण गेलो होतो. सभागृह छोटे, वक्ते अभ्यासू, श्रोते जाणकार. पडद्यावर एकामागून एक चित्रे येत होती. धरणाच्या पाण्यावर उतरलेली संध्याकाळ, दूरवर गेलेल्या वेलींच्या ओळी, ठिबकच्या नळ्या, ओकची पिंपे, आणि शेवटी पाटीसारखे एक काळे ताट. ताटात नागलीचा पापड, त्यावर बकरीच्या दुधाचे चीज, बाजूला खुरासणीची चटणी. हे आपल्या मातीतले अन्न, असे वक्ते म्हणाले. प्रश्नोत्तरांत आमच्यातल्या एका ताईने विचारले, “एवढ्या चित्रांत बागेत काम करणारे एकही माणूस का दिसले नाही?” उत्तर आले, “आजचा आपला विषय शाश्वतता आहे. मजुरांचा प्रश्न वेगळा.” सभागृहात कुणालाही या उत्तरात काही खटकले नाही.

आम्हाला खटकले. मजूर हा वेगळा प्रश्न कसा होतो, तो वेगळा कोण करतो आणि केल्याने कुणाचे भागते, याचा विचार इथे मांडत आहोत.

आमचा आक्षेप बाटलीला नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वाइनविरुद्ध कुणी बोलले की तो दारूबंदीवाला ठरतो आणि चर्चा तिथेच संपते. आम्ही पंचशील मानणारे लोक आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्याआधी १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, जोतीराव फुल्यांनी शहरातल्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. ही आमची परंपरा आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे.

पण याच परंपरेत आणखी एक दस्तऐवज आहे, तो फार कमी लोक वाचतात. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१च्या निवडणूक जाहीरनाम्यात विकासासाठी पैसा कुठून उभा करायचा याची चर्चा आहे. सैन्यावरचा खर्च कमी करा, मिठावरचा कर पुन्हा लावा, विम्याचे राष्ट्रीयीकरण करा, आणि दारूबंदी उठवून अबकारी उत्पन्न वाचवा, असे मार्ग त्यात सुचवले आहेत. यात विसंगती नाही. शील ही माणसाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त आहे. महसूल ही राज्याची बाब आहे आणि तो गोरगरिबांच्या शिक्षणावर, आरोग्यावर खर्च व्हावा यासाठी गोळा करायचा असतो. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. या दोन गोष्टींची गल्लत त्यांनी केली नाही.

मग त्याच कसोटीवर महाराष्ट्राचे वाइन धोरण घासून पाहू. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क काढले. राज्यात तयार होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्क माफ केले आणि ही माफी दोन दशके चालली. २०२२ पासून शुल्क आले तेही लिटरला १० रुपये. शिवाय वाइनवरच्या २० टक्के मूल्यवर्धित करातले १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आहे. मधे ती थांबली होती, २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. दुसरीकडे मार्केट यार्डातला हमाल दिवसभर पोती वाहून संध्याकाळी देशी दारूच्या दुकानात जातो, तेव्हा तो त्या बाटलीवरचे उत्पादन शुल्क निमूट भरत असतो. त्याच्या व्यसनाला समाज नावे ठेवतो, त्याच्या करावर तिजोरी भरते. वाइन पिणाऱ्याच्या आवडीला मात्र संस्कृती म्हणतात आणि तिला सवलत मिळते. बाबासाहेबांना अबकारी उत्पन्न विकासासाठी हवे होते. इथे राज्य तेच उत्पन्न सोडून देते, तेही सगळ्यात सुस्थितीतल्या ग्राहकासाठी.

शेतकऱ्याचे नाव, पण कोणता शेतकरी?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात वाइन म्हणजे दारू नव्हे, असे सत्ताधारी नेते जाहीरपणे सांगत होते आणि हे सगळे शेतकऱ्यांच्या हितासाठी आहे, असा युक्तिवाद होता. शेतकऱ्याचे नाव घेतले की महाराष्ट्रात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. आम्ही विचारतो.

राज्यात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी बहुतेक खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जातात. वाइनला जाणारा हिस्सा लहान आहे आणि त्यासाठी लागणारी वाणे वेगळी आहेत. त्या वाणांची द्राक्षे बाजारात खाण्यासाठी खपत नाहीत, म्हणजे कंपनीने घेतली नाहीत तर शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. पुण्याहून नाशिकला जाताना वाटेत नारायणगाव लागते. महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची गोष्ट १९८०च्या दशकात तिथूनच सुरू झाली. तिथली शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळती वाइन परदेशात गेली, याचे फार कौतुक झाले. पुढे ती कंपनी बुडाली. २००८-०९च्या मंदीत वाइनची मागणी घसरली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा तोडून टाकल्या. जमीनवाल्या शेतकऱ्याची ही अवस्था, तर त्याच्या बागेत रोजावर जाणाऱ्याची काय झाली असेल? बाग तुटल्याची निदान बातमी तरी होते. रोज तुटल्याची बातमी होत नाही.

नारायणगावची आणखी एक ओळख आहे. तमाशाचे फड तिथे राहुट्या टाकतात आणि गावोगावचे पुढारी यात्रांच्या सुपाऱ्या द्यायला तिथे येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव त्या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. स्थानिक संस्कृती दाखवायचीच असेल तर ती तिथे घाम गाळत उभी आहे. पण वाइन पर्यटनाच्या माहितीपत्रकात ‘स्थानिक कला’ म्हणून जे येते ते भिंतीवरचे वारली चित्र असते. चित्राला मानधन मागता येत नाही आणि त्याला जातही विचारावी लागत नाही.

बागेतले हात

गेल्या हंगामात आमच्यातले चौघे दिंडोरी परिसरात दोन दिवस राहिलो. सकाळी सातच्या आत नाक्यावर माणसे जमलेली असतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतले कोकणा, वारली, महादेव कोळी आणि गुजरातच्या डांगाकडचेही. त्यांच्या गावांत पाऊस कमी नाही, उलट धो धो पडतो. पण तिथले पाणी नार, पार, दमणगंगा या नद्यांतून पश्चिमेला निघून जाते. भात आणि नागली काढून झाली की शेतात करण्यासारखे काही उरत नाही आणि घरे ओस पडतात. मग टोळी निघते, मुकादम बोली करतो आणि एकरावर उक्ते काम ठरते. टोळीत नवरा-बायको दोघे असतात आणि पुष्कळदा लेकरूही असते. गावातली बौद्ध आणि मातंग कुटुंबे वर्षभर त्याच बागांत रोजाने जातात.

काम काय असते? एप्रिलमध्ये खरड छाटणी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड्या बहराची छाटणी. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. मग फुटींची विरळणी, शेंडे खुडणे, काड्या तारेला बांधणे, फवारणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. यातले पेस्टचे काम आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. तिच्यात हायड्रोजन सायनामाइड नावाचे रसायन असते. कातडीला लागले तर भाजते, डोळ्यांत गेले तर इजा होते. या रसायनाचा आणखी एक गुण असा की ते अंगात गेले असताना माणसाने दारू घेतली तर शरीराला ती पचवता येत नाही. तोंड लाल होते, छाती धडधडते, श्वास कोंडतो. म्हणून हे काम करणाऱ्याने कामाच्या आधी, कामात आणि नंतरचे काही दिवस मद्याला शिवू नये, अशी सक्त सूचना असते. ज्या बागेतून उद्या वाइन निघणार, त्या बागेत पेस्ट लावणाऱ्याला मद्य विष होते. ही सूचना बाटलीबंद रसायनाच्या कागदावर बारीक अक्षरांत असते, टोळीला ती कुणी वाचून दाखवत नाही. हातमोजे मिळाले का, असे आम्ही नाक्यावर विचारले. काहींनी हो सांगितले, काहींनी फडके बांधतो म्हणून सांगितले.

सुरगाण्याच्या एका मावशीला आम्ही विचारले, “ज्या कंपनीला ही द्राक्षं जातात तिथं पाहुणे येतात, जेवतात. तुम्ही कधी आत गेला?” त्या म्हणाल्या, “आमचं काय काम तिकडं? आमचं काम बागंत.” तक्रारीचा सूर नव्हता. आम्हाला ते जास्त लागले. शनिवार पेठेतल्या वक्त्यांनी मजुराला विषयाबाहेर ठेवले होते आणि ते बाहेर असणे मावशीच्याही अंगवळणी पडले होते.

पर्यटकांसाठी मात्र बागेत एक गंमत ठेवलेली असते. पैसे भरून पायांनी द्राक्षे तुडवायची आणि फोटो काढायचे. जे काम दिवसभर करणाऱ्याला रोज मिळतो, तेच दहा मिनिटे करायला पाहुणा पैसे मोजतो. श्रमाला प्रतिष्ठा आल्याचे हे लक्षण आहे, असे कुणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था श्रमाची विभागणी करून थांबत नाही, ती श्रमिकांचीही विभागणी करते. पाहुण्याचे पाय तासाभराने धुऊन निघतात. मावशीचे हात हंगामभर तसेच राहतात.

नागलीचा पापड आणि चान्या

आता त्या ताटाकडे वळू. नागली, वरई, खुरासणी, उडदाचे भुजे, पावसाळ्यातल्या रानभाज्या ही आदिवासींची अन्नसंपदा आहे. ती जगापुढे यावी, तिला भाव मिळावा, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण कालपर्यंत जिला गरिबाची भाकर म्हणून नाक मुरडले, ती नागली आज काळ्या ताटात आली तेव्हा तिच्यासोबत ती पिकवणारी बाई आली का? पाककृतीवर तिचे नाव आहे का? स्वयंपाकघरात ती आचारी आहे, की मागच्या बाजूला भांडी घासते आहे?

मोहाचे उदाहरण घ्या. मोहफुले हे आदिवासींचे अन्न आहे, औषध आहे आणि त्यांची दारूही. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या चौकटीत मोहफुले साठवण्यावर आणि नेण्या-आणण्यावर बंधने आली. ती सैल व्हायला २०२१ साल उजाडले. म्हणजे ज्या राज्याने २००१ पासून द्राक्षाच्या मद्याला शुल्क माफ करून पायघड्या घातल्या, त्याच राज्यात त्यापुढची वीस वर्षे मोहाचे फूल गोळा करणारी बाई पोलिसाला घाबरत होती. दोन्ही फळा-फुलांपासून आंबवूनच होतात. फरक पिणाऱ्याच्या दर्जात आहे.

आणि काही पदार्थ तर या ताटापर्यंत कधीच पोहोचणार नाहीत. आमच्या आज्या वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, चान्या, उतरंडीत जपून ठेवायच्या आणि दुष्काळात त्यावर घर जगायचे. रक्ती, वजडी, मुंडी, सुकट हे आमच्या वस्त्यांचे स्थानिक अन्न आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाला प्रथमच एवढी जागा मिळाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात गायीपाठोपाठ बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. एका हाताने आमच्या अन्नाची नोंद झाली आणि दुसऱ्या हाताने ते गुन्ह्यात जमा झाले. स्थानिक खाद्यसंस्कृतीची भाषणे ठोकणाऱ्यांपैकी किती जण त्या कायद्यावर बोलले?

ज्या शनिवार पेठेत आम्ही ते व्याख्यान ऐकले, तिथे आमच्यातल्या दोन मुलांनी खोली शोधली आहे. भाड्याची बोलणी व्हायच्या आधी ‘मांसाहार करता का’ हा प्रश्न येतो आणि त्याच्या पोटात दुसरा, न विचारलेला प्रश्न असतो. पेशवाईत याच शहरात अस्पृश्यांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून वावरावे लागे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिताना पुण्याच्या या चालीचा उल्लेख केला आहे. आज मडके नाही, आडनाव पुरते. म्हणून या पेठेत उभे राहून कुणी ‘स्थानिक’ हा शब्द उच्चारला की आम्ही सावध होतो. स्थानिक कोण हे इथे आमच्या बाबतीत नेहमी दुसऱ्यांनी ठरवले आहे.

पाणी कुणाच्या नावावर?

शाश्वततेच्या चर्चेत ठिबकचे कौतुक सर्वात जास्त होते. ठिबकने पाणी वाचते हे खरे. वाचलेले पाणी कुणाला मिळते, हा पुढचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी ते बाग वाढवायला जाते. महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देणारा कायदा केला. कल्पना चांगली आहे. पण संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमिनीवरून ठरते. ज्याला जमीन नाही त्याला कालव्याच्या पाण्यात हक्क नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी सर्वांचे आहे हे आम्ही ओंजळीने सिद्ध केले. कालव्याचे पाणी आजही सातबाऱ्याला बांधलेले आहे.

याला पर्याय नाही असे मात्र नाही. तो पुणे जिल्ह्यातच होऊन गेला. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या एकरावर मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या डोक्यावर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ऊस लावायचा नाही. आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा. आमच्या मते शाश्वततेची याहून स्वच्छ व्याख्या मराठीत झालेली नाही. तिच्यात पाणी, पीक आणि माणूस हे तिन्ही एकाच वाक्यात येतात. आजच्या वाइन पर्यटनाच्या व्याख्येतून त्यातला तिसरा गळला आहे.

दिंडोरी कुणाची?

दिंडोरी म्हटले की पर्यटकाला वाइनरी आठवते. आम्हाला आंबे गाव आठवते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा जन्म १९०२ मध्ये याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी झाला. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह त्यांनी नाशिकला लढवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच जिल्ह्यातल्या येवल्याला. आणि देवळाच्या दारापेक्षा मोठा दरवाजा जमिनीचा आहे हे ओळखून दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनांना द्या, ही मागणी होती. बायामाणसे लेकरे घेऊन तुरुंगात गेली.

त्या लढ्याच्या रेट्यातून पुढे सरकारी निर्णय निघाले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ चा आहे. कितीतरी कुटुंबांच्या हातात आजही नोटिसाच आहेत, सातबारा नाही. दादासाहेबांच्याच नावाने राज्याची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची, अशी ती योजना. जमीन सरकारने ठरावीक दराने विकत घ्यायची. आता वाइन आणि पर्यटनाने जिथे जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, तिथे सरकारी दराने दोन एकर बागायत विकायला कोण पुढे येणार? दादासाहेबांच्या स्वतःच्या तालुक्यात त्यांच्या नावाची योजना अशी बाजारभावाच्या भिंतीवर डोके आपटते. वाइन पर्यटनाचा परिणाम मोजायचा तर इथूनही मोजला पाहिजे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या पायी मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्यांची एक प्रमुख मागणी कसत असलेल्या वनजमिनी नावावर करण्याची होती. मुंबईकरांनी त्यांच्या फुटलेल्या तळव्यांचे फोटो पाहिले आणि हळहळले. त्यातलेच पाय हंगामात द्राक्षाच्या बागांत असतात, हे मात्र त्या हळहळीत कुणाच्या ध्यानात आले नाही.

जगाने काय शिकवले?

वाइनच्या जगाला हे नवे नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात गोऱ्या मळेवाल्यांनी मजुरांना मजुरीचा एक भाग स्वस्त वाइनच्या रूपात द्यायची पद्धत पिढ्यानपिढ्या चालवली. तिला ‘डॉप’ म्हणत. कायद्याने बंद झाल्यावरही ती कितीतरी वर्षे चालू राहिली आणि तिने काळ्या व मिश्रवर्णी मजुरांच्या पिढ्या व्यसनात बुडवल्या. गर्भातल्या मुलांपर्यंत त्याचे परिणाम पोहोचले. त्या मळ्यांचे देखणे पांढरे वाडे आज पर्यटकांना दाखवले जातात.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या डेलानोचे. सप्टेंबर १९६५ मध्ये तिथल्या फिलिपिनो द्राक्षमजुरांनी संप पुकारला, सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखालचे मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. पाच वर्षे लढा चालला. शहरांतल्या साध्या ग्राहकांनी द्राक्षांवर बहिष्कार घातला आणि १९७० मध्ये बागमालकांना संघटनेशी करार करावे लागले. त्या ग्राहकांनी आजचा विषय वेगळा आहे, असे म्हटले नाही.

आमच्या मागण्या

वाइन पर्यटन बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ज्या बाईला त्या बागेत रोज मिळतो तिचा रोज बंद करण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमचे म्हणणे असे की शासनाकडून करसवलत घेणाऱ्या प्रत्येक वाइनरीने काही गोष्टी बंधनकारक म्हणून स्वीकाराव्यात. बागेतल्या कामाचे दर मराठीत लिहून दारावर लावावेत, किमान वेतनापेक्षा कमी असतील तर सवलत बंद व्हावी. द्राक्षे करारावर शेतकऱ्याकडून घेतली असली तरी त्या बागेतल्या मजुराची जबाबदारी झटकता येऊ नये. हंगामी टोळ्यांना पक्का निवारा, पिण्याचे पाणी, संडास आणि लेकरांसाठी पाळणाघर मिळावे. पेस्ट आणि फवारणीच्या कामाला हातमोजे, चष्मा आणि आधी तोंडी सूचना सक्तीची असावी. परत मिळणाऱ्या १६ टक्के करातला ठरावीक वाटा द्राक्षपट्ट्यातल्या भूमिहीनांच्या जमीनखरेदीसाठी दादासाहेब गायकवाड योजनेत जमा व्हावा. आणि स्थानिक अन्नाच्या नावाने जे विकले जाते ते शिजवायचा, विकायचा आणि त्याला आपले नाव द्यायचा पहिला हक्क पेठ-सुरगाण्याच्या आणि गावातल्या दलित वस्तीतल्या बायकांच्या गटांना असावा.

यावर कुणी म्हणेल की हे सगळे वाइनच्या चवीशी कसे जोडायचे? जोडणारा कायदा आधीच आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे मानांकन ज्या १९९९च्या कायद्याखाली मिळते, त्यात अर्जदाराने आपल्या मालाचा गुण त्या प्रदेशातल्या नैसर्गिक आणि मानवी घटकांतून कसा येतो हे सांगावे लागते. नैसर्गिक घटक म्हणजे माती, हवा, पाणी. मानवी घटक म्हणजे कोण, हे कायद्याने लिहून ठेवले तरी आम्ही पुन्हा विचारायला हवे, आणि वाइनच्या प्रत्येक चर्चेत विचारायला हवे.

पुण्याहून वाइन टूरला जाणाऱ्या मित्रांना आम्ही एवढेच सांगू. तिथे वाइनचे नाव, साल आणि द्राक्षाचे वाण विचारता, ते जरूर विचारा. पण त्याच माणसाला हेही विचारा की या हंगामात छाटणीची टोळी कुठल्या गावची होती, एकराला काय दर दिला आणि ती माणसे राहिली कुठे. उत्तर मिळाले तर ते लिहून आम्हाला कळवा. नाही मिळाले तर तेही कळवा. आम्ही असा एक तक्ता करायला घेतला आहे आणि त्यातला पहिला रकाना मजुराचा आहे.

जय भीम.